वीस वर्षांचे देऊळ, तेराशे वर्षांची रीत



एखाद्या देवस्थानाची थोरवी सांगायची झाली की आपण पहिल्याने त्याचे वय सांगतो. हे देऊळ यादवांच्या काळचे, हा सभामंडप पेशवाईतला, ही दीपमाळ अमक्या सरदाराने बांधली. दगड जितका जुना तितके देऊळ मोठे, असा आपला साधा हिशेब असतो. गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात मी जे देवस्थान पाहून आलो, तेथे हा हिशेब चालत नाही. जपान देशातल्या इसे या गावी ते आहे आणि त्या देशात त्याच्याहून थोर देवस्थान दुसरे मानीत नाहीत. त्याची परंपरा दोन हजार वर्षांची सांगतात. पण मी ज्या देवळापुढे हात जोडून उभा राहिलो ते २०१३ साली बांधलेले होते, आणि २०३३ साली ते उतरवून शेजारच्या मोकळ्या जागेवर दुसरे उभे करायचे ठरलेले आहे. दर वीस वर्षांनी हे असेच चालते.

तुम्ही म्हणाल, मग त्यात जुने काय राहिले? मलाही तोच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता जे पाहिले, ते तुम्हांला सांगावे म्हणून हा लेख.

आमची शेती मावळातली, भाताची. थोरला मुलगा जपानात नागोया शहरात एका कारखान्यात इंजिनियर आहे. त्याच्याकडे आम्ही उभयता महिनाभर राहायला गेलो होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, मोठमोठ्या इमारती काय कुठेही दिसतील. तुम्हांला आधी भाताच्या देवळाला नेतो." नागोयाहून आगगाडीने दीड तासात इसे येते. वाटेत दोन्ही अंगांना भाताची खाचरे. पीक निघून गेलेले, आणि कापलेल्या बुडख्यांना पुन्हा हिरवे फुटवे आलेले. बांध मात्र असे तासून नीट केलेले, की आमची मंडळी खिडकीला नाक लावून बघत राहिली. खाचरांत माणूस क्वचितच दिसला. जो दिसला तो माझ्याच वयाचा, किंवा माझ्याहून थकलेला.

आधी अन्नाची देवी

जपानचा मूळ धर्म शिंतो. शिंतो म्हणजे देवांचा मार्ग. आपण तेहतीस कोटी देव म्हणतो, ते ऐंशी लाख म्हणतात. आणि दोन्हीकडे अर्थ तोच, की मोजदाद नाही. डोंगर, झरा, जुना वृक्ष, पूर्वज, सगळ्यांत देव. देवळाच्या वाटेवर दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया अशी कमान असते, तिला तोरिई म्हणतात. नाव आणि रूप दोन्हींनी आपल्या तोरणाची आठवण होते. तिच्यापाशी थांबून जरा वाकायचे आणि मग आत जायचे.

इसेचे देवस्थान म्हणजे एक देऊळ नव्हे. लहानमोठी मिळून १२५ देवळे आहेत. त्यांत मुख्य दोन. एक नाइकू, म्हणजे आतले देऊळ; तेथे सूर्यदेवी आमातेरासू. दुसरे गेकू, म्हणजे बाहेरचे देऊळ. तेथे तोयोउके, अन्नधान्याची आणि शेतीची देवी. दोहोंत सुमारे पाच किलोमीटरचे अंतर. रिवाज असा, की आधी गेकूला जायचे आणि मग नाइकूला. सूर्यदेवी थोर खरी, पण पहिला मान अन्नाच्या देवीचा.

ही अन्नाची देवी येथे कशी आली, त्याची कथा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची सांगतात. सूर्यदेवी युर्याकू सम्राटाच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, "मी येथे एकटी आहे. एकटीला जेवणही नीट घेता येत नाही. तांबा प्रांतातून तोयोउकेला माझ्या जेवणाची व्यवस्था पाहायला आण." मुलाने ही गोष्ट सांगितली तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "अहो, देवीलासुद्धा एकटीने जेवण गोड लागत नाही, मग आपले काय!"

तेव्हापासून गेकूमध्ये रोज दोन वेळा देवांना जेवण वाढले जाते. उन्हाळ्यात सकाळी आठ आणि दुपारी चारला, हिवाळ्यात सकाळी नऊ आणि दुपारी तीनला. पाऊस असो, वादळ असो, लढाई असो, हा नैवेद्य दीड हजार वर्षे चालत आला आहे असे तेथे सांगतात. आम्ही सकाळी नऊच्या आधीच जाऊन उभे राहिलो. पांढऱ्या वस्त्रांतले पुजारी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन रांगेने आले. पायांखाली खडीचा करकर आवाज, बाकी सगळे शांत. घंटा नाही, गजर नाही. पेटी कुंपणाच्या आत गेली आणि आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

त्या पेटीत काय असते? वाफवलेला भात, मासे, समुद्रातली वनस्पती, भाजी, फळे, मीठ, पाणी आणि तांदळाचे मद्य, ज्याला ते साके म्हणतात. यांतली एक एक गोष्ट कोठून येते ते ऐका. चूल पेटवायला काडीपेटी चालत नाही. लाकडावर लाकूड घासून विस्तव काढतात, आपल्याकडे यज्ञात अरणीने काढतात तसा. पाणी देवस्थानाच्याच विहिरीचे. मीठ फुतामी गावच्या किनाऱ्यावर देवस्थानाच्या मिठागरात भर उन्हाळ्यात खारे पाणी आटवून करतात आणि मातीच्या साच्यात भाजून त्याचे तिकोनी खडे करतात. भाजी आणि फळे देवस्थानाच्या मळ्यातली. ताटल्या साध्या भाजलेल्या मातीच्या, एकदा वापरल्या की पुन्हा मातीतच जायच्या. विकतचे म्हणून फारसे काही नाही. देवाच्या घरची शेती आहे आणि देवाचे घर तिच्यावर चालते.

देवाचे खाचर

आता तांदळाचे सांगतो. इसुझु नावाची नदी सूर्यदेवीच्या देवळाजवळून वाहते. तिच्याच पाण्यावर कुसुबे येथे देवस्थानाची भाताची जमीन आहे, सुमारे ३ हेक्टर, म्हणजे आपले साडेसात एकर. एप्रिलच्या सुरुवातीला बी पेरण्याचा विधी, मे महिन्यात लावणी, सप्टेंबरात पहिल्या लोंब्या काढण्याचा विधी. बी पेरण्याआधी डोंगरात जाऊन कुदळीच्या दांड्याचे लाकूड आणतात आणि तीही देवाच्या नावाने. आपण चाड्यावर मूठ धरताना हात जोडतो, त्याच जातीची ही भावना.

या खाचरात १९८९ साली एक गोष्ट घडली, ती शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. त्या वर्षी पाठोपाठ वादळे झाली. खाचरात कोशिहिकारी जातीचे भात होते. हे भात चवीला उत्तम, पण ताट उंच आणि नाजूक; वाऱ्यापावसात हटकून लोळते. त्याही वेळी सगळे आडवे झाले. आणि त्या लोळलेल्या पिकाच्या मधोमध दोन चूड मात्र सरळ उभे होते. तुम्ही आम्ही कदाचित विळा चालवून मोकळे झालो असतो. तेथल्या लोकांनी ते दोन चूड वेगळे काढले, त्यांचे बी राखले, पुन्हा पुन्हा पेरून पाहिले. त्यातून न लोळणारी एक नवी जात हाती आली. १९९६ साली तिला इसे-हिकारी असे नाव मिळाले, आणि आज ती इतर ठिकाणचे शेतकरीही लावतात.

देवाच्या खाचरात काही चमत्कार झाला असे मी म्हणत नाही. कोठल्याही खाचरात असा एखादा चूड उभा राहू शकतो. फक्त तो ओळखायला पिकात रोज फिरणारा माणूस लागतो, आणि घरचे बी राखायची सवय लागते.

१५ तारखेला दुपारी गावात मोठी गर्दी झाली. ऑक्टोबरात नव्या भाताचा सण असतो, त्याला कान्नामे-साई म्हणतात. वर्षभरातला हा सर्वांत मोठा सण. आपल्याकडे दसऱ्याला दाराच्या तोरणात भाताच्या लोंब्या बांधतात, काही भागांत नव्याची पूजा करतात, तसेच हे. एका भल्यामोठ्या लाकडी गाड्यावर ठिकठिकाणांहून आलेल्या भाताच्या पेंढ्या रचल्या होत्या. गाड्याला दोन लांब दोर आणि दोरांना शेकडो हात. म्हातारे, बायका, शाळेची पोरे, सगळी एका सुरात "एन्या! एन्या!" म्हणत गाडा गेकूकडे ओढीत होती. आम्हांलाही कोणी दोराला हात लावायला दिला. भाषा कळत नव्हती, पण ओढायची लय कळली. रथ काय किंवा पालखी काय, माणसांच्या हातांनी पुढे सरकते तेव्हा सगळीकडे सारखीच वाटते.

या सणाला देवळाच्या कुंपणावर भाताच्या पेंढ्या टांगतात. त्यांत जपानच्या सम्राटाने राजवाड्याच्या आवारातल्या खाचरात स्वतः पिकवलेल्या भाताच्याही असतात, आणि शेतकऱ्यांनी पाठवलेल्याही असतात.

सूर्यदेवीच्या दारी

दुसऱ्या दिवशी नाइकूला गेलो. इसुझु नदीवर शंभर मीटरहून थोडा लांब लाकडी पूल आहे. तो ओलांडला की मोठमोठ्या वृक्षांची राई लागते. काठावर उतरून नदीच्या पाण्यात हात धुवायचे. पाणी इतके स्वच्छ, की तळाचे गोटे मोजावेत.

सूर्यदेवीची कथा जपानच्या सर्वांत जुन्या ग्रंथांत आहे. त्यांतला एक ७१२ सालचा, दुसरा ७२० सालचा. देवीचा भाऊ सुसानो फार दांडगा. त्याने रागाच्या भरात काय केले असेल? बहिणीच्या भाताच्या खाचरांचे बांध फोडले आणि पाण्याचे पाट बुजवले! शेतकऱ्याच्या घरात याहून मोठा अपराध कोणता? पुढे त्याचा धुडगूस इतका वाढला, की देवी उद्विग्न होऊन गुहेत जाऊन बसली आणि जगात अंधार पडला. मग सगळे देव जमले. कोंबडे आरवायला लावले, झाडाला आरसा टांगला, आणि एका देवीने असा नाच केला की देवांचा हशा आकाशाला भिडला. बाहेर एवढे हसताहेत कशाला म्हणून सूर्यदेवीने दगड किंचित सरकवला. तेवढ्यात तिला हाताला धरून बाहेर काढले आणि तिने परत आत जाऊ नये म्हणून मागे दोर ताणला. देवळांवर आणि जुन्या वृक्षांवर गवताचा जाड दोर बांधलेला दिसतो, त्याचा संबंध या गोष्टीशी जोडतात. इसेतल्या घरांच्या दारांवर तो वर्षभर तसाच असतो. पुढे याच देवीने आपल्या नातवाला पृथ्वीवर पाठवताना स्वर्गातल्या शेतातल्या भाताच्या लोंब्या बरोबर दिल्या. म्हणजे त्यांच्या मते भाताचे पहिले बी आजीने नातवाला दिलेले आहे.

देवळापाशी पोचलो. वर जायच्या पायऱ्यांच्या खालीच छायाचित्रे बंद. पायऱ्या चढून गेले की दारावर पांढरा पडदा. त्याच्या आत सामान्य माणूस जात नाही. देवीचे प्रतीक म्हणून एक आरसा आत आहे, तो कोणी पाहत नाही. दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचे. मुलगा हळूच म्हणाला, "आई, येथे स्वतःसाठी काही मागायचे नाही असा रिवाज आहे. फक्त आभार मानायचे." मागायचे असेल त्याने जवळच्या दुसऱ्या लहान देवळात मागावे. आमची मंडळी क्षणभर गोंधळली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आभार मानायला उभी राहिले तर यादी काही संपेना."

पडद्याच्या वरून आणि कुंपणावरून जेवढे देऊळ दिसते तेवढे पाहिले आणि दोघेही एकमेकांकडे बघू लागलो. रंग नाही, कोरीव काम नाही. जमिनीपासून उंच उचललेले लाकडी घर, गवताने जाड शाकारलेले छप्पर, आढ्यावर आडवे ठेवलेले दहा गोल ओंडके, आणि दोन्ही टोकांना आकाशात गेलेल्या फुल्या. "अहो, ही तर धान्याची कोठी!" ती म्हणाली. तिचे बरोबर होते. जाणकारही तेच सांगतात. पुरातन काळी जपानात ओल आणि उंदीर यांपासून भात वाचवायला अशीच उंच पायांची कोठारे बांधीत, आणि देवळाचा घाट त्यावरून आलेला आहे. ज्या घरात धान्य सुरक्षित, तेच देवाचे घर झाले.

मोकळी जागा

देवळाच्या शेजारी तेवढीच मोठी एक मोकळी जागा आहे. पांढरे गोटे पसरलेले आणि मध्ये एक लहानसे झाकण असलेले खोपट. बाकी काही नाही. पूर्वीचे देऊळ येथे होते आणि पुढचे येथेच होणार आहे.

खांब पायाच्या दगडावर उभे नसतात, सरळ जमिनीत पुरलेले असतात. वर गवताचे छप्पर. अशी इमारत फार काळ टिकणार नाही हे आपल्याला सांगायला नको. आपल्या जुन्या गोठ्यांचे आपण तेच पाहिले आहे. मग त्यांनी दगड का वापरला नाही? बौद्ध मंदिरे दगडी पायावर बांधायची कला तेव्हा जपानात आलेली होती. तरी ६९० साली जितो नावाच्या सम्राज्ञीच्या काळात पहिल्यांदा देऊळ नवे केले, आणि तेव्हापासून हाच क्रम. २०१३ साली झाले ते बासष्टावे. त्याला लागले सुमारे दहा हजार ओंडके आणि सुमारे ५५ अब्ज येन. देऊळच नव्हे, तर देवीची वस्त्रे, तलवारी, धनुष्ये, आरसे, मागाची उपकरणे अशा ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तूही नव्याने केल्या जातात, आणि जुन्या रीतीने, हातांनी.

वीसच वर्षे का, याची कारणे वेगवेगळी देतात. मला पटले ते असे. कारागीर वयाच्या विशीत पहिल्यांदा या कामावर येतो तेव्हा तो हाताखाली असतो; लाकूड उचलतो, पटाशीला धार लावतो. चाळिशीत दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो कर्ता असतो. साठीत तिसऱ्यांदा येतो तेव्हा बसून दाखवतो आणि चुका काढतो. मध्ये शंभर वर्षे गेली तर कोण कोणाला दाखवणार? वीस वर्षे हे अंतर बाप आणि मुलगा यांच्यामधले आहे.

हे नेहमी सुरळीत चालले असे मात्र नाही. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत जपानात सरदारांच्या लढाया पेटल्या. पैसा आटला, आणि सुमारे सव्वाशे वर्षे मुख्य देवळे नवी होऊ शकली नाहीत. तेव्हा पुढे आली ती कोणी राजा नव्हे, तर सेइजून नावाची बौद्ध भिक्षुणी. तिने गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. १५४९ साली पूल बांधून घेतला आणि १५६३ साली गेकूचे देऊळ नवे झाले. तिच्या मागून त्याच मठातल्या शूयो या भिक्षुणीने काम चालवले आणि १५८५ साली नाइकूही नवे झाले. दुसऱ्या पंथाच्या बायांनी हे केले, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. पण तुटलेला धागा जोडताना काही बारकावे बदलले असे अभ्यासक सांगतात. एकदा हातातून गेलेले जसेच्या तसे परत येत नाही.

लाकडाचेही तेच. हिनोकी म्हणून एक सरळ वाढणारा, देवदारासारखा सुगंधी वृक्ष आहे. जाड खांबांना दोनतीनशे वर्षांचे झाड लागते. जवळची राने संपली, तेव्हा लाकूड दूरच्या किसो डोंगरांतून आणावे लागले. १९२३ साली देवस्थानाने आपल्या साडेपाच हजार हेक्टर रानात दोनशे वर्षांचा हिशेब धरून हिनोकी लावायला घेतला. लावणाऱ्याला आणि त्याच्या नातवालाही तो खांब पाहायला मिळणार नाही, हे ठाऊक असून लावला. त्या लागवडीतले बारीक लाकूड आता मिळू लागले आहे. २०१३ च्या देवळाला सुमारे पाव लाकूड घरच्या रानातले लागले, आणि असे कित्येक शतकांनी घडले. उतरवलेले लाकूडही वाया जात नाही. आढ्याला आधार देणारे मोठे खांब पुलाच्या दोन टोकांच्या कमानी होतात. वीस वर्षांनी त्याच कमानी जुन्या यात्रामार्गावरच्या गावांना जातात. बाकीचे लाकूड इतर देवळांना. २०३३ च्या देवळासाठी २०२५ च्या मे महिन्यात डोंगराच्या देवाची पूजा होऊन कामाला आरंभही झाला आहे. आठ वर्षे आधी!

शेतकऱ्यांची यात्रा

या यात्रेत मोठा भाग शेतकऱ्यांचा. जुन्या काळी कुळांना गाव सोडून हिंडायची मोकळीक नव्हती, पण इसेला जातो म्हटले की परवानगी मिळे. खर्च मोठा, म्हणून गावात भिशीसारखी मंडळे असत. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालायचे आणि चिठ्ठी निघेल त्याने सगळ्यांच्या वतीने जायचे. येताना तो प्रत्येक घरासाठी देवाची पाटी आणी, आणि कोणी कोणी भाताचे नवे बियाणेही आणीत. काही वर्षी तर लाटच येई. १७०५ साली पन्नास दिवसांत सुमारे ३६ लाख माणसे गेल्याची नोंद आहे. घरच्या पोराबाळांना एक गंमत सांगा: ज्यांना स्वतः जाता येत नसे ते कधी कधी आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पैसे बांधून त्याला यात्रेला पाठवीत, आणि वाटेतले यात्रेकरू त्याला खाऊपिऊ घालून पुढे नेत.

आता हे सगळे गोड गोड वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. जपानमध्ये ज्यांचा मुख्य धंदा शेती आहे, त्यांचे सरासरी वय सत्तरीच्या घरात आले आहे. मुले शहरात गेली. गाडीतून दिसलेली ती तासलेली खाचरे सत्तरीचे हात सांभाळीत आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात तर तेथल्या दुकानांत तांदूळ मिळेनासा झाला होता. देवाच्या साडेसात एकरांना माणसे मिळतात. गावातल्या खाचरांचे पुढे काय, याचे उत्तर त्या देवळाजवळही नाही.

आणि आपल्याजवळ तरी कोठे आहे? परतताना गाडीत मी मुलाकडे बघत होतो. त्याला नांगर धरता येत नाही आणि त्यात त्याची चूक नाही. मीच त्याला शिकवला नाही. "शीक आणि बाहेर पड" असे मीच म्हणालो. माझी आई दरवर्षी आंबेमोहोराचे बी राखायची. चांगल्या लोंब्या निवडून, झोडून, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून लहान कणगीत ठेवायची. ती गेली त्या वर्षी आम्ही ते बी खाऊन टाकले आणि पुढच्या पावसाळ्यात दुकानातून पिशवी आणली. त्यानंतर दरवर्षी पिशवीच येते. पिशवीतले बी वाईट असे नाही; उतारा जास्तच येतो. पण आईचे बी कसे निवडायचे, कोणती लोंबी घ्यायची आणि कोणती टाकायची, हे आमच्या घरात आता कोणालाच येत नाही. एकाच पिढीत गेले. सव्वाशे वर्षेही लागली नाहीत.

दिवाळीनंतर मी मामाच्या गावी गेलो. तेथे माझी मामी, वय ब्याऐंशी, अजून थोडे आंबेमोहोर घरापुरते लावते. तिच्याकडून दोन पायल्या बी आणले आणि एक सबंध दिवस तिच्यापाशी बसून निवड शिकलो. सुनेसाठी म्हणून आमच्या मंडळींनी सगळे वहीत लिहून घेतले. मामी हसली आणि म्हणाली, "लिहून काय कळतंय? हातात घे." येत्या पावसाळ्याआधी राब भाजून ते पेरायचे आहे, पाच गुंठ्यांत. मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आवणीला आठ दिवस रजा मिळते का बघतो." मिळेल की नाही, ठाऊक नाही.

तर मंडळी, तुम्ही इसेला कधी गेलात तर आधी गेकूला जा, सकाळच्या नैवेद्याच्या वेळी उभे राहा, आणि नाइकूच्या शेजारची ती मोकळी जागा जरूर पाहा. जाणे झाले नाही तरी हरकत नाही. आज संध्याकाळी जेवताना एवढेच विचारा, की आपल्या घरात असे काय आहे, जे फक्त एकाच म्हाताऱ्या हाताला येते? एखादे बी असेल, पाभरीचे फण बसवणे असेल, गोधडीचा टाका असेल, गाईचे अडलेले वासरू सोडवणे असेल. तो हात चालतो आहे तोवर पोरांना त्याच्याशेजारी बसवा.